पुष्पप्रदर्शनांतील बिनफुलांचीं झाडें

कसबा बावड्याहून कोल्हापूर शहरांत जातांना नागाळा पार्काच्या बाजूस महावीर उद्यान लागतें. कोल्हापुरांतील गार्डन्स क्लब या संस्थेचें पुष्पप्रदर्शन या उद्यानांत भरत आलें आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं तें आईवडिलांबरोबर पाहिलेंही असेल. पुण्यास एम्प्रेस गार्डनमध्यें प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास असेंच मोठें प्रदर्शन भरतें. बंगळूरच्या लालबागेंत तर, ज्याची कोनशिला सन १८८९ मध्यें बसविली त्या काचघरांत, वर्षांतून दोन वेळां फुलांची यात्रा लोटते. कोठेंही गेलें तरी एक गोष्ट सारखीच दिसते. आंत शिरतांच लोकांचे पाय गुलाबाकडे, शेवंतीकडे आणि डेलियाकडे वळतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु आज आम्हांस वाचकांशीं जें बोलावयाचें आहे, तें त्या गर्दीच्या पलीकडे सावलींत मांडलेल्या कुंड्यांविषयीं. तेथें बहुधा एकही फूल नसतें. नुसतीं पानें; पण तीं अशा रीतीनें मांडलेलीं, कीं एखाद्या घराचा कोपराच उचलून आणला आहे असें वाटावें.

मागें अशाच एका मांडणीपुढें उभे असतां आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, हीं झाडें येथें इतकीं टवटवीत दिसतात, मग आमच्या घरीं महिन्याभरांत कां मरतात?" प्रश्न साधा होता, पण आम्हांस त्याचें उत्तर चटकन् देतां आलें नाहीं. घरीं येऊन विचार केला तेव्हां ध्यानांत आलें, कीं प्रदर्शनांतील मांडणी दोन-तीन दिवसांची असते आणि झाडाचें आयुष्य वर्षांचें असतें. दोन दिवस तर कापून आणलेली फांदीही टवटवीत राहते. म्हणून मांडणी चांगली कीं वाईट हें ठरवितांना आम्ही आतां एकच गोष्ट विचारतों: हीच मांडणी उचलून एखाद्याच्या सोप्यांत ठेविली, तर सहा महिन्यांनीं त्यांतलें काय जिवंत राहील?

प्रथम हीं झाडें मूळचीं कोठलीं तें पाहूं. 'घरांतील झाड' अशी निराळी जात निसर्गानें निर्माण केलेली नाहीं. कोठल्या तरी अरण्यांत मोठ्या वृक्षांच्या छायेंत वाढणारीं झाडेंच मनुष्यानें घरांत आणलीं. कारण अंधुक प्रकाश सोसण्याची त्यांस पिढ्यान्‌पिढ्यांची संवय होती. ज्यास आपण मनीप्लांट म्हणतों तो वेल पॅसिफिक महासागरांतील मूरेआ नांवाच्या लहानशा बेटावरचा. अरण्यांत तो वृक्षावर चढला म्हणजे त्याचीं पानें सुपाएवढीं होतात. आपल्या बाटलींत तीं तळहाताएवढीं राहतात, यावरून त्यास येथें किती कमी मिळतें हें उघड आहे. या वेलास फूल जवळजवळ कधींच येत नाहीं. आपणहून फुलल्याची शेवटची नोंद सन १९६४ ची आहे, आणि फुलण्यास लागणारें एक द्रव्य त्याच्या अंगांत तयार होत नाहीं हें त्याचें कारण संशोधकांनीं सन २०१६ मध्यें दाखवून दिलें. पुष्पप्रदर्शनांत हटकून हजर असणारें झाड स्वतः कधीं फुलत नाहीं, ही गंमत खरी.

तलवारीसारख्या उभ्या पानांचा स्नेक प्लांट आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचा स्पायडर प्लांट हे दोघे आफ्रिकेंतले. रात्रीं हात जोडल्याप्रमाणें पानें मिटणारा मॅरांटा ब्राझीलचा. रबराचें झाड मात्र आपल्याच देशाच्या ईशान्येचें. मेघालयांत खासी लोक याच झाडाचीं मुळें ओढ्यावरून वळवून, वाढवून, त्यांचे जिवंत पूल करतात. ज्या मुळांवरून माणसें ओझीं घेऊन चालतात, तें झाड आपण दहा इंचांच्या कुंडींत कोंबतों आणि वर त्याची वाढ खुंटली म्हणून तक्रार करतों!

झाडें घरांत आणि समुद्रापार नेण्याची युक्ति कशी सांपडली, ती हकीकत विद्यार्थ्यांस आवडेल. लंडन शहराच्या पूर्व भागांत नॅथॅनिएल वॉर्ड नांवाचे एक डॉक्टर राहत. त्यांस नेचे लावण्याची हौस फार. पण कोळशाच्या धुरानें त्यांचे नेचे जगत ना. सन १८२९ च्या सुमारास त्यांनीं एका पतंगाचा कोश ओलसर मातींत ठेवून ती माती एका झांकणाच्या बाटलींत भरली. कोशांतून पतंग केव्हां बाहेर येतो तें त्यांस पाहावयाचें होतें. कांहीं दिवसांनीं मातींतून एक नेचा आणि एक गवताचें पातें वर आलें. दिवसा मातींतील ओलावा वाफ होऊन कांचेवर जमे व पुन्हा खालीं ओघळे. बाहेरचा धूर आंत येत नसे आणि आंतलें पाणी बाहेर जात नसे. ती बाटली जवळजवळ चार वर्षें पाण्याचा थेंब न घालतां टिकली. पुढें डॉक्टर परगांवीं गेले असतां झांकण गंजलें, पावसाचें पाणी आंत गेलें आणि झाडें कुजलीं.

याच धर्तीवर वॉर्ड यांनीं कांचेच्या पेट्या करविल्या. सन १८३३ मध्यें अशा दोन पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून ऑस्ट्रेलियांतील सिडनीस धाडल्या, आणि महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासानंतर झाडें सुखरूप पोंचलीं. पुढें रॉबर्ट फॉर्च्यून यानें ईस्ट इंडिया कंपनीकरितां चीनमधून चहाचीं हजारों रोपें हिमालयाच्या पायथ्यास आणलीं, तीं याच पेट्यांतून. आपल्या सकाळच्या चहाचा संबंध असा एका पतंगाच्या कोशाशीं पोंचतो.

हें सर्व वाचून आम्हींही एका वर्षीं लोणच्याची मोठी बरणी घेऊन तींत लहानसें रान तयार केलें. नेचे, शेवाळ, एक लहानसा दगड. मुलांनीं फार मेहनत घेतली. एका प्रदर्शनांत ती बरणी मांडली तेव्हां सकाळीं जो तो तिच्याभोंवतीं घोटाळत होता. दुपारीं सूर्य फिरला आणि मांडवाच्या फटींतून ऊन नेमकें बरणीवर आलें. आम्ही सर्व जेवावयास गेलों होतों. परत येऊन पाहतों तों आंतील नेचे पालकाच्या भाजीसारखे मऊ होऊन कांचेस चिकटले होते! परीक्षक चार वाजतां येणार होते. त्यांस आम्हीं ती बरणी दाखविलीच नाहीं. बंद कांचेंतून उन्हाची ऊब आंत शिरते, पण तितक्या सहज बाहेर पडत नाहीं, हा वर्गांत शिकविलेला धडा आम्हीं स्वतःच विसरलों होतों. वॉर्ड साहेबांची बाटली लंडनच्या उन्हांत होती, कोल्हापूरच्या नव्हे.

आतां उजेडाविषयीं, कारण घरांतील झाडें बहुतेक उजेडावांचून मरतात आणि दोष मात्र पाण्यास दिला जातो. मनुष्याचा डोळा फार फसवा आहे. अंधार पडला कीं बाहुली मोठी होते आणि आपणांस वाटतें कीं खोलींत पुरेसा उजेड आहे. वास्तविक खिडकीपासून चार पावलें आंत गेलें कीं उजेडाचा लहानसा अंशच उरतो. बावड्यांतील जुन्या घरांत सोपा उजळ असतो, माजघर अंधारें. तेथें दिवसासुद्धां दिवा लावावा लागतो, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यांत शोभेकरितां कुंडी ठेवण्याची हौस पुष्कळांस असते. यावर एक सोपी परीक्षा आहे. भर दुपारीं जेथें कुंडी ठेवावयाची तेथें पांढरा कागद पसरावा आणि त्यावर हातभर उंचीवर आपला पंजा धरावा. सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर; अंधुक पडली तर मनीप्लांट, स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट अशांचें भागेल; सावली मुळींच दिसली नाहीं तर तेथें कोणतेंही झाड कायमचें राहणार नाहीं. तेथें झाड हवेंच असेल तर दोन कुंड्यांची जोडी करावी. एक आठवडा एक आंत, दुसरी सोप्यांत; मग अदलाबदल. प्रदर्शनांतील झाडें टवटवीत दिसतात, तीं आदल्या दिवसापर्यंत चांगल्या उजेडांत वाढलेलीं असतात म्हणून. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर हेंच.

उरलेलें अर्धें उत्तर मातींत आहे. आपल्या बावड्याची काळी माती उसास फार मानवते. राजाराम साखर कारखाना येथें उभा राहिला तो कांहीं उगीच नव्हे. मुलें विचारतात, एवढा ऊस पिकविणाऱ्या मातींत कुंडींतलें झाड कां कुजावें? कारण शेतांत मातीखालीं खोलवर पाण्यास वाट असते, मुळांस पसरावयास जागा असते. कुंडींत ती वाट नाहीं. काळी माती भिजली कीं फुगते, तिच्यांतील बारीक छिद्रें बुजतात; वाळली कीं आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते, मग घातलेलें पाणी त्या फटींतून सरळ खालीं जातें आणि मुळें कोरडींच राहतात. मुळेंही श्वास घेतात हें आपण विसरतों. घरीं करून पाहावें: दोन सारख्या डब्यांस तळाशीं भोकें पाडावींत, एकांत शेतांतील काळी माती भरावी, दुसऱ्यांत एक भाग माती, एक भाग कुजलेलें शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा असें मिश्रण भरावें. दोहोंत एकेक तांब्या पाणी ओतून घड्याळ पाहावें. पुढें अधिक सांगावें लागणार नाहीं. कुंडीच्या तळाशीं खापऱ्यांचे तुकडे घालण्याची चाल आहे, तिनें भोक बुजत नाहीं इतकेंच. वरची मातीच घट्ट असेल तर खापऱ्या कांहीं करूं शकत नाहींत.

याच ठिकाणीं पालकांस एक विनंति. कुंडीखालच्या ताटलींत आणि मनीप्लांटच्या बाटलींत साचलेलें पाणी निदान आठवड्यांतून एकदां ओतून, भांडें आंतून घांसून घ्यावें. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, सांचलेल्या पाण्यांत आणि भांड्याच्या कडेस अंडीं घालतो, व आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डास तयार होतात.

आतां मांडणीकडे वळूं. लंडनच्या चेल्सी येथें सन १९१३ पासून भरणारें पुष्पप्रदर्शन जगांत नांवाजलेलें आहे. तेथें सन २०२१ मध्यें घरांतील झाडांकरितां एक निराळा वर्ग प्रथमच काढण्यांत आला. प्रत्येक स्पर्धकानें लहानशी खोलीच सजवावयाची, आणि त्या खोलींत झाडें कशीं राहतात तें दाखवावयाचें. कल्पना आम्हांस आवडली, कारण झाड आणि घर हीं तेथें एकत्र पाहावीं लागतात. परंतु तिकडील खोलीची नक्कल येथें करण्यांत काय हंशील? आपल्या घरांतल्या वस्तु कांहीं कमी देखण्या नाहींत.

बरणीच्या फजितीनंतर दुसऱ्या वर्षीं आमच्या विद्यार्थ्यांनीं 'आजीचें माजघर' अशी मांडणी केली. प्रत्येकानें घरून कांहीं तरी आणलें. एक जुना पाट, तडा गेलेला रांजण, पितळेचें घंगाळ, कंदील, वेताची दुरडी. आणि एका मुलीनें आणलें तें शिंकें. ज्या शिंक्यावर पूर्वीं मांजरापासून जपून दूध-दही ठेवीत, त्यांत तिनें मनीप्लांटची कुंडी बसविली आणि वेल खालीं सोडला. बाजारांत टांगत्या कुंड्या महाग मिळतात. त्यांहून हें शिंकें आम्हांस शतपट सुंदर वाटलें. आरंभीं मुलांनीं तेवीस कुंड्या आणल्या होत्या. सर्व मांडल्यावर तें माजघर न दिसतां रोपवाटिका दिसूं लागली. एकेक कुंडी काढीत गेलों आणि सात उरल्या तेव्हां कोठें घंगाळ घंगाळासारखें, पान पानासारखें दिसूं लागलें. मागें उंच रबराचें झाड, मध्यें रुंद पानांचा मॅरांटा, पुढें दुरडींत स्पायडर प्लांटचीं पिलें. घंगाळ घांसून लखलखीत करावें असें कांहींचें म्हणणें होतें. पण मग डोळा पानांवर न ठरतां पितळेवर ठरतो, म्हणून तें मळकटच ठेविलें. तांब्या-पितळेच्या भांड्यांत माती भरून थेट झाड लावूं नये, हेंही सांगून ठेवतों. एक तर तळाशीं भोक नसतें, आणि आंबट ओलाव्यानें तांबें विरघळून मुळांस बाधतें. आंत मातीची कुंडी ठेवावी, म्हणजे भांडेंही राहतें आणि झाडही.

बक्षीस मात्र मिळालें नाहीं. परीक्षकांपैकीं एका बाईंनीं रबराच्या पानावरून बोट फिरवून धुळीनें भरलेलें बोट आम्हांस दाखविलें आणि हंसून पुढें गेल्या. त्या चुकल्या नाहींत. पानावर धूळ बसली म्हणजे मुळांत अपुरा असलेला उजेड आणखी अडतो. ओल्या मऊ फडक्यानें पानें पुसणें हें शोभेचें काम नसून झाडास जेवूं घालण्याचेंच काम आहे. कांहीं लोक पानांस तेल लावून चकाकी आणतात. त्यावर दुप्पट धूळ बसते, म्हणून आम्ही तें वर्ज्य समजतों.

मांडणी रानासारखी दिसावी म्हणून आंबा घाट, राधानगरी किंवा गगनबावड्याहून नेचे, शेवाळ, झाडांवरच्या आमरी उपटून आणण्याचा मोह अनेकांस होतो. आमच्या बरणींतील शेवाळही तसेंच आणलेलें होतें, हें कबूल केलें पाहिजे. सह्याद्रीच्या पठारांवर कांहीं वनस्पति अशा आहेत, ज्या जगांत दुसरीकडे कोठेंच नाहींत. शिंदळ माकुडी ही त्यांतलीच एक. डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत जुन्नरच्या बाजूस ती प्रथम नोंदविली आणि मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचें नांव तिला दिलें. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या जागीं खडकाच्या कपारींत ती उगवते. जाड मांसल दांडे, आणि पावसाळ्यांत तांबूस-जांभळीं, पिवळ्या ठिपक्यांचीं, चांदणीसारखीं फुलें. जगांतील अत्यंत संकटांत असलेल्या बारा वनस्पतींच्या एका यादींत पूर्वीं तिचें नांव घातलें होतें. गंमत अशी, कीं हीच वनस्पति दांड्याच्या तुकड्यापासून कुंडींत सहज वाढते आणि टांगत्या कुंडींतून फार सुरेख लोंबते. तेव्हां ज्यास ती हवी असेल त्यानें ज्यांच्याकडे कुंडींत आहे त्यांच्याकडून तुकडा मागून घ्यावा. कड्यावरचें झाड कड्यावर असूं द्यावें. आमची कंदीलपुष्पें कशीं वांचवावींत याचें काम शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागांत झालें आहे, आणि तें आपल्या शहरांतच झालें ही विद्यार्थ्यांनीं माहीत असावी अशी गोष्ट आहे.

मांडणीपुढें लावावयाच्या पाटीविषयींही दोन शब्द. 'हें झाड हवा शुद्ध करतें' अशी पाटी आजकाल जागोजाग दिसते. तिचा उगम अमेरिकेंतील नासा या संस्थेच्या सन १९८९ च्या प्रयोगांत आहे. तो प्रयोग बंद पेटींत केलेला होता. अशा अनेक प्रयोगांचा हिशेब पुन्हा तपासून सन २०१९ मध्यें दोन संशोधकांनीं दाखविलें, कीं खिडकी उघडल्यानें खोलींतील हवा जितकी बदलते तितकें काम झाडांकडून करून घ्यावयाचें तर दर चौरस मीटर जागेंत दहापासून हजारपर्यंत झाडें ठेवावीं लागतील. मग माणसांनीं कोठें बसावें? स्नेक प्लांट रात्रीं प्राणवायु सोडतो असेंही लिहितात. तो रात्रीं कर्बवायु आंत घेऊन सांठवितो हें खरें, पण प्राणवायु तयार होण्यास ऊन लागतें, आणि ऊन रात्रीं नसतें. पाटीवर झाडाचें नांव, त्याचें मूळ ठिकाण आणि त्यास किती उजेड लागतो एवढें लिहिलें तरी पाहणारा कांहीं घेऊन जाईल. जेथें लहान मुलें येतात तेथें आणखी एक ओळ अवश्य घालावी: मनीप्लांट आणि डिफेनबॅकिया यांचीं पानें तोंडांत घालूं नयेत. हीं दोन्ही अळवाच्या कुळांतलीं. कच्चें अळू खाल्ल्यावर घशांत जी खाज सुटते, ती ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळें, तेच स्फटिक यांच्याही अंगांत असतात.

प्रदर्शन संपलें कीं झाडें एकदम जुन्या जागीं नेऊं नयेत. मांडवांतून आणलेली कुंडी आठ दिवस सोप्यांत ठेवून मग हळूहळू आंत न्यावी; माती बोटभर खोल कोरडी लागल्यावांचून पाणी घालूं नये. पुढच्या हिवाळ्यांत ज्यांस मांडणी करावयाची असेल त्यांनीं कामास मृगापासून लागावें. पावसाळी हवेंत कलमें लवकर धरतात आणि मार्गशीर्षापर्यंत कुंडी भरून येते. विकत आणलेल्या कुंडीहून स्वतः पांच-सहा महिने वाढविलेली कुंडी आम्हांस तरी लगेच ओळखूं येते. तिचीं पानें एकाच बाजूस, उजेडाकडे, वळलेलीं असतात, आणि ती कोणत्या खिडकींत वाढली हें त्यावरून सांगतां येतें.

शिंक्यांतील तो वेल प्रदर्शनानंतर शाळेच्या जिन्यापाशीं, उत्तरेच्या खिडकींत टांगला. आतां तो जमिनीस टेकूं लागला आहे. पाऊस सुरू झाल्यावर त्याचे तुकडे करावयाचे आहेत. ज्या विद्यार्थ्यांस हवे असतील त्यांनीं घरून एक रिकामी बाटली आणावी, आणि शक्य असेल तर आजीस विचारून एखादें शिंकेंही.